ब्लाइंड टेस्टिंगमध्ये लाल मस्कॅडाइन ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या मित्राने बाटली पेपरात गुंडाळून सगळ्यांना एक गोड रेड वाइन ओतली, तुम्हाला वासात गुलाब आणि स्ट्रॉबेरी लागली म्हणून तुम्ही छातीठोकपणे ब्लॅक मस्कॅट सांगितलं, आणि पेपर काढल्यावर निघालं नोबल नावाचं मस्कॅडाइन. आता तुम्ही म्हणताय मस्कॅडाइन हा मस्कॅटचाच प्रकार ना, मग अर्धे मार्क तरी द्या.

नाही मिळणार. शून्य. पण वाईट वाटून घेऊ नका, मी गेली अठरा वर्षं मुंबईत वाइन शिकवतोय, हॉटेलातल्या पोरांना ट्रेनिंग देतोय, आणि हे द्राक्ष पहिल्यांदा समोर आलं तेव्हा माझा तुमच्यापेक्षा मोठा पोपट झाला होता. तो किस्सा पुढे येईलच.

आधी नावाचा घोळ मिटवू. मस्कॅट, मस्कडेल, मुस्काडे, मस्कॅडाइन, ही सगळी नावं कानाला सारखी लागतात कारण मुळाशी मस्क म्हणजे कस्तुरी आहे. पण वेलीचं नातं विचाराल तर मुस्काडे ही मेलाँ द बुर्गोन्य नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, तिच्यात कस्तुरीबिस्तुरी काही नसते, आणि मस्कॅडाइन तर द्राक्षाची जातच वेगळी. दोन कुलकर्णी भेटले म्हणून भावकी निघत नाही तसं. ब्लॅक मस्कॅट म्हणजे मस्कॅट हॅम्बुर्ग, आपल्याकडे त्यालाच गुलाबी म्हणतात आणि तमिळनाडूत पन्नीर द्राक्ष, ते विनिफेरा जातीचं, म्हणजे वाइनची नेहमीची द्राक्षं कॅबर्ने, शिराझ, चेनिन यांच्याच घरातलं. मस्कॅडाइन म्हणजे व्हिटिस रोटुंडिफोलिया, अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया, फ्लोरिडा, मिसिसिपी वगैरे पट्ट्यातलं मूळचं रानटी द्राक्ष. विनिफेराला गुणसूत्रं ३८, याला ४०, त्यामुळे दोघांचं लग्न लावायला गेलं तर सहसा जमत नाही, जमलं तर पोरं बहुतेक वांझ.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की आपण मुंबईत शिकलेले लोक ९९ टक्के वेळा विनिफेराच प्यायलेलो असतो. नाशिकची रेड असो, फ्रान्सची असो, चिलीची असो, डोक्यातलं कपाट सगळं विनिफेराने भरलेलं. मग मस्कॅडाइन समोर आलं की मेंदू त्याच कपाटात जवळचा कप्पा शोधतो आणि गुलाब म्हटलं की मस्कॅटचा कप्पा उघडतो. त्यामुळे कुठला कप्पा हे विचारायच्या आधी कपाट तरी हेच का हे विचारायचं, पुढचं सगळं त्यावर आहे.

झाडाबद्दल दोन ओळी, कारण चव तिथूनच येते. याचे मणी मोठे, गोल, साल जाड आणि चिवट, आणि आपल्यासारखा भरगच्च घड नसतो, थोडेथोडे मणी, ते पण एकेक पिकून गळतात, म्हणून तिकडे वेल हलवून तोडणी करतात. तिथली हवा आपल्या कोकणासारखी दमट, शिवाय तुडतुड्यांमधून पसरणारा पिअर्स डिसीज नावाचा बॅक्टेरियाचा रोग, त्यात विनिफेरा काही वर्षांत मरतो आणि हे टिकतं. त्याच जाड सालीमुळे कुजही कमी. गोडी मात्र बेताचीच, वाइनला पुरेल इतकी साखर मण्यात नसते म्हणून वायनरीवाले आंबवण्याआधी वरून साखर घालतात आणि शेवटी बऱ्याचदा परत गोड करतात. अल्कोहोल साधारण १०-१२ टक्के.

आता किस्सा. माझा भाचा नॉर्थ कॅरोलिनात असतो, तो एका डिसेंबरमध्ये दोन बाटल्या घेऊन आला, एक प्यायली, दुसरी आमच्या विलेपार्ल्याच्या घरी किचनच्या माळ्यावर राहिली ती थेट पुढच्या वर्षीपर्यंत, मधला अख्खा मे महिना धरून. मी पहिल्या बाटलीच्या वेळी गावाला होतो त्यामुळे मला दुसरीचं काहीच माहीत नाही. बायकोने ती डिकॅंटरमध्ये ओतून माझ्या विद्यार्थ्यांसमोर ठेवली, सांग काय आहे. मी ग्लास तिरका केला, कडेला विटकरी तपकिरी रंग, म्हटलं वा, म्हातारी आहे, नाकात गुलाब, स्ट्रॉबेरी, गोड, म्हणून बोललो ब्राकेत्तो, म्हणजे इटलीतल्या पिएमाँतेची फेसाळ गोड रेड, आठ-दहा वर्षं जुनी, बुडबुडे गेलेले. वर पिएमाँतेच्या मातीवर पाच मिनिटं भाषण. निघाली दोन वर्षांची नोबल. पोरं अजून मला पिएमाँते म्हणून चिडवतात.

पण त्या दिवशी एक गोष्ट कायमची कळली. रंगावरून वय काढायची आपली जी सवय आहे ती या द्राक्षाला लागू पडत नाही, आणि तीच खरं तर त्याची सगळ्यात मोठी खूण आहे. कारण असं की विनिफेराच्या सालीतल्या रंगद्रव्याला, ॲन्थोसायनिनला, साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो, मस्कॅडाइनमध्ये दोन. त्याला डायग्लुकोसाइड म्हणतात. शिवाय विनिफेरात त्या रंगाला वर आणखी एक ॲसिडचं कवच असतं तेही बऱ्याच प्रमाणात, मस्कॅडाइनमध्ये ते जवळपास नाहीच. परिणाम काय, तर हा रंग टॅनिनशी, म्हणजे सालीबियांतल्या तुरट द्रव्याशी, धड जोडला जात नाही, आणि वाइन वयाच्या मानाने फार लवकर तपकिरी पडते. नोबलमध्ये माल्व्हिडिन प्रकारचा रंग त्यातल्या त्यात जास्त म्हणून तो इतर लाल मस्कॅडाइनपेक्षा बरा टिकतो आणि वायनरीवाल्यांना आवडतो, ताजी असताना तर चांगली गडद जांभळट लाल दिसते, पण अख्खा उन्हाळा आणि मुंबईचा माळा म्हटल्यावर तो तरी काय करणार.

(जाता जाता, युरोपातल्या लॅबवाले विनिफेरात दुसऱ्या जातीची भेसळ पकडायला हेच दोन साखरवालं माल्व्हिडिन शोधतात, आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेची मर्यादा लिटरला १५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे रसायनशास्त्राला जे दिसतं त्याचीच थोडीशी सावली तुम्हाला ग्लासाच्या कडेला दिसते.)

तर पहिलं काम, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका करा, कडा बघा, आणि मग वासाशी ताडून बघा. कडा म्हणते मी म्हातारी आणि वास म्हणतो मी कालची, ताजी स्ट्रॉबेरी, जॅम, गुलाब. जुन्या विनिफेराला सुकं अंजीर, चामडं, तंबाखू, मशरूम असं काहीतरी येतंच, फळ सुकत जातं. म्हातारा रंग आणि पोरवयाचं नाक ही विसंगती दिसली की थांबायचं आणि विचार करायचा की हे विनिफेरा आहे का. तळाशी कधीकधी फिकट भुरकट बारीक गाळ पण असतो, तो एलॅजिक ॲसिडचा, मस्कॅडाइनमध्ये ते भरपूर असतं. टार्टारिक ॲसिडचे खडे चकाकतात, साखरेसारखे दिसतात, हा गाळ तसा नसतो. पण गाळ नसला म्हणून मस्कॅडाइन नाही असं नाही, गाळून भरलेल्या बाटलीत काहीच दिसणार नाही.

आता नाक, इथे वेळ घालवा. सुगंधी गोड रेड आली की माझ्या डोक्यात तीन डबे असतात, मस्कॅट, लॅब्रुस्का आणि मस्कॅडाइन.

मस्कॅटचा सुगंध टर्पीन नावाच्या गटातून येतो, त्यात लिनालूल, जेरॅनिऑल वगैरे. घरच्या भाषेत सांगायचं तर खलबत्त्यात थोडे धणे चुरडा आणि वास घ्या, धण्याच्या तेलात मुख्य लिनालूलच असतं. तो लिंबू, संत्र्याची साल, फुलं असा जो उजळ वर उडणारा वास आहे तो मस्कॅटमध्ये असतो. तुमच्या ग्लासात तो उजळपणा नव्हता, मी पैजेवर सांगतो, कारण मस्कॅडाइनमध्ये टर्पीन फारसे नसतात. गुलाब दोन्हीत आहे, पण मस्कॅटचा गुलाब संत्र्याबरोबर येतो आणि मस्कॅडाइनचा जॅमबरोबर.

दुसरा डबा लॅब्रुस्काचा, म्हणजे अमेरिकेच्याच पण ईशान्येकडच्या द्राक्षाचा आणि त्याच्या संकरांचा, काँकर्ड, इझाबेला. आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे कारण बंगलोर ब्लू म्हणजे इझाबेलाच. क्रॉफर्ड मार्केटला किंवा दादरला ती लहान काळी आंबटगोड द्राक्षं दिसली की अर्धा किलो घ्या, दाबल्यावर साल हातात राहते आणि गर टुणकन बाहेर येतो, ते चुरडून वास घ्या. आणि त्याच्या शेजारी लहानपणीचं जांभळं ग्रेप चॉकलेट किंवा खोकल्याचं ग्रेप फ्लेवरचं सिरप ठेवा, त्यातला वास मिथाइल अँथ्रॅनिलेट. काँकर्डचं ते सहीशिक्क्याचं रसायन. गोव्याची स्वस्त पोर्ट वाइन प्यायली असेल तर तिच्यात पण बऱ्याचदा बंगलोर ब्लू असतं, म्हणजे हा डबा तुमच्या नाकात ऑलरेडी भरलेला आहे, फक्त त्यावर लेबल लावलेलं नाहीये.

तिसरा डबा मस्कॅडाइनचा, आणि यात ग्रेप चॉकलेटवाला भाग दुय्यम असतो. इथे पुढे असतं ते फ्युरॅनिऑल, जे पिकलेल्या स्ट्रॉबेरीत आणि अननसात असतं, थोडं जळक्या साखरेकडे झुकणारं. दुसरं फेनिलइथेनॉल, गुलाबपाण्याचा मुख्य वास, हे खरं तर सगळ्याच वाइनमध्ये यीस्ट थोडंफार बनवतं, इथे उठून दिसतं. आणि तिसरं ऑर्थो-अमिनोॲसिटोफेनोन, नाव लांबलचक आहे पण वास एकदा कळला की विसरत नाही, ओल्या मक्याच्या पिठासारखा, जरासा प्राण्याच्या केसांसारखा, फर्निचर पॉलिशसारखा. इंग्रजीत याला फॉक्सी म्हणतात, मी वर्गात कस्तुरीभट्टी म्हणतो, पोरं हसतात पण लक्षात ठेवतात. हाच वास विनिफेराच्या पांढऱ्या वाइनमध्ये आला तर दोष धरतात, इथे तो जातीचा स्वभाव. लॅब्रुस्कात पण थोडा असतो, म्हणून एकट्या फॉक्सीवर निकाल देऊ नका. स्ट्रॉबेरी-अननस पुढे, ग्रेप चॉकलेट मागे किंवा नाहीच, आणि खाली कस्तुरी, ही जुळणी बघा.

एक युक्ती: ग्लास ओतल्याओतल्या हुंगा, मग वर स्टीलची वाटी पालथी घालून दहा मिनिटं सोडा, मग परत हुंगा. मस्कॅट तसाच फुलांचा राहतो. मस्कॅडाइनचं वरचं गुलाबजॅम जरा बसतं आणि खालून मस्की, अतिपिकल्या फळाचा, फ्रीजबाहेर दोन दिवस राहिलेल्या अननसाचा वास वर येतो. ज्यांना आवडत नाही त्यांना तो इथे आवडत नाही. मला विचाराल तर थंड असताना मजा येते, पण दुसरा ग्लास मी घेत नाही.

आणि हो, मोगरा वापरू नका. बरेच जण मस्कॅट शिकवताना मोगऱ्याचा गजरा फिरवतात, दिसायला छान, पण मोगऱ्यात लिनालूल पण आहे आणि मिथाइल अँथ्रॅनिलेट पण, म्हणजे मस्कॅट आणि काँकर्ड दोन्हींची एकत्र खिचडी. माझ्या एका बॅचचं नाक यानेच महिनाभर गंडलं होतं, चूक माझीच.

मुंबईत टेस्टिंग करताना आणखी एक. रूम टेंपरेचर हा शब्द विसरा, आपली रूम ३० च्या वर असते आणि गोड रेड ३० ला दिली की अल्कोहोल आणि जॅम एवढंच नाकात जातं, बाकी सगळं झाकलं जातं. आठ-दहा डिग्रीला सुरू करा आणि ग्लासात हळूहळू गरम होऊ द्या, कस्तुरी साधारण पंधराच्या आसपास बाहेर येते. पंखा बंद, उदबत्ती नको, आणि शेजारच्यांकडे बोंबील तळत असतील तर सरळ उद्यावर ढकला.

तोंडात काय मिळतं ते पटकन सांगतो कारण नाकाच्या मानाने ते कमी बोलकं आहे. बहुतेक वेळा गोड. ॲसिड मध्यम, बंगलोर ब्लूसारखं कचकचीत आंबट नसतं, त्यामुळे गोडी जरा सैल, सरबतासारखी वाटते. टॅनिन कमी ते मध्यम, पण जोरात दाबून रस काढला असेल तर गिळल्यानंतर जिभेच्या मागे जाड सालीचा कडवटपणा राहतो, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी होते त्याच्या जवळचं. मध्ये पोकळ, शेवटी कडू. कोरडी मस्कॅडाइन पण बनते आणि ती आली तर जास्त फसवते, नाक म्हणतं जॅम आणि तोंडात साखर नाही, माणूस गोंधळतो. मला मात्र ती जास्त सोपी वाटते, कारण इतका गोड वास आणि इतकी कोरडी चव हे कॉम्बिनेशन विनिफेरात क्वचित मिळतं.

तरी कशाकशाशी गल्लत होते ते लक्षात असू द्या. ब्राकेत्तोला गुलाब-स्ट्रॉबेरी आहेच पण ती नाजूक, बहुतेक फेसाळ, आणि खाली ओल्या मक्याचा काही मागमूस नाही. लँब्रुस्को ही इटलीची रेड, नाव लॅब्रुस्कासारखं असलं तरी वेगळी, तिला फेस आणि ॲसिड दोन्ही, वास चेरी-व्हायोलेटकडे. कोवळी बोजोले, म्हणजे गामे द्राक्षाचे अख्खे घड बंद टाकीत आंबवून केलेली फ्रेंच रेड, तिला केळं आणि बबलगमचा वास येतो आणि नवखा माणूस त्यालाच जॅम समजतो, पण ती कोरडी, आंबट, रंग निळसर लाल. इटलीत इझाबेलाची फ्रागोलिनो बनते, फ्रागोला म्हणजेच स्ट्रॉबेरी, ती सगळ्यात जवळची आणि तिथे माझाही कधीकधी गोंधळ होतो, फक्त ती युरोपात वाइन म्हणून विकायलाच परवानगी नाही त्यामुळे कोणाच्या घरच्या बाटलीशिवाय समोर यायची शक्यता कमी.

आता तुम्ही विचारलं होतं की मस्कॅडाइनपर्यंत पोचलो तरी नोबल कसं ओळखायचं. खरं सांगू का, चवीवर नाही ओळखता येत, हिशोबावर येतं. काळ्या-लाल मस्कॅडाइनमध्ये सुप्रीम, आयसन, ब्लॅक ब्यूटी अशा जाती आहेत पण त्या मुख्यतः खायच्या, मोठ्या मण्यांच्या. वाइनसाठी लाल म्हटलं की नोबल, नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठाने थॉमस आणि टारहील यांच्या संकरातून काढलेलं आणि १९७१ साली बाहेर आणलेलं, मणी लहान, रंग भरपूर. पांढऱ्यात तसंच कार्लोस. स्कपरनाँग नाव ऐकलं असेल तर ते तपकिरी-सोनेरी मण्यांचं जुनं मस्कॅडाइन, तिथल्या एका नदीवरून नाव पडलेलं, लालच्या स्पर्धेत ते नाही. म्हणून ग्लासात रंग खरोखर गडद असेल तर मी डोळे झाकून नोबल लिहितो, आणि फिकट गुलाबी असेल तर नोबलमध्ये कार्लोस मिसळलंय असं धरतो. याला टेस्टिंग म्हणू नये, पण ब्लाइंड टेस्टिंगमध्ये निम्मं काम असंच असतं, कोणी कबूल करत नाही एवढंच.

सरावासाठी बाटली लागतेच असं नाही. स्वस्तातली, ओकच्या लाकडी पिंपाचा वास फार नसलेली नाशिकची रेड घ्या, पन्नास-पन्नास मिलीचे चार ग्लास भरा. एकात तसंच ठेवा, एकात चिमूटभर चुरडलेले धणे, एकात ग्रेप चॉकलेटचा तुकडा, एकात महाबळेश्वरची एक पिकलेली स्ट्रॉबेरी चुरडून वर गुलाबपाण्याचा एकच थेंब. चारही वाट्यांनी झाकून वीस मिनिटं ठेवा आणि मग घरच्यांना अदलाबदल करायला सांगून हुंगा, प्यायचं नाही. तीन संध्याकाळी केलंत तर मस्कॅट, काँकर्ड आणि मस्कॅडाइनची दिशा तरी नक्की कळेल. कस्तुरीभट्टीचा भाग मात्र घरी बनवता येत नाही, मक्याचं पीठ कोमट पाण्यात भिजवून मी प्रयत्न केलाय, अंदाज येतो पण अगदी तोच नाही. तिथे खरी बाटलीच हवी.

वाइनच्या परीक्षेची तयारी म्हणून हे विचारत असाल तर मात्र यावर झोप घालवू नका, तिथे क्लासिक विनिफेरा जातीच विचारतात, मस्कॅडाइन कोणी ठेवत नाही. हे ज्ञान अमेरिकेहून येणाऱ्या खोडसाळ मित्रांसाठीच. तुमच्या त्या मित्राची बाटली उरली असेल तर बूच लावून फ्रीजमध्ये टाका आणि चार दिवसांनी परत कडा बघा, रंग किती सरकलाय ते डोळ्यांनी दिसेल. आणि पुढच्या वेळी येताना त्याला नोबलबरोबर एक कार्लोस पण आणायला सांगा, विमानतळावर माणशी दोन लिटर चालतं, ७५० च्या दोन बाटल्या आरामात बसतात.